आधी म्हणायचं, मग उडायचं

माझ्या डाव्या हाताला दोन बोटं कमी आहेत आणि त्याबद्दल कुणी हळहळलेलं मला खपत नाही. गेली ती गेली. म्हातारीने घेतली. म्हातारी म्हणजे आमचं कागद कापायचं यंत्र. पोरं मलाही म्हातारीच म्हणतात, माझ्या माघारी. “म्हातारी आज फार कुरकुरतेय” असं खालून ऐकू आलं की मी वरून विचारते, “कोणती रे?” मग खाली एकदम सामसूम.

खाली आमचा बाइंडिंगचा कारखाना, वर आमचं घर. छापलेले कागद येतात, त्यांच्या घड्या घालायच्या, शिवायचे, पुठ्ठा चढवायचा आणि शेवटी तिन्ही बाजूंनी कापून कडा सरळ करायच्या. कापायचं काम दोघांचं. एकजण पुढे, पातं खाली ओढायच्या दांड्यावर उभा राहतो, दुसरा मागे उभा राहून गठ्ठा आत सरकवतो आणि हातांनी चेपून नीट बसवतो. यंत्र एवढं धिप्पाड आहे की पुढच्याला मागच्याचे हात दिसत नाहीत, नुसतं डोकं दिसतं.

माझी बोटं गेली तेव्हा दांड्यावर पोरांचे वडील होते. आम्ही कसल्याशा गप्पा मारत होतो आणि त्यांना वाटलं माझं झालं. एवढंच. त्यानंतर त्यांनी जो नियम घातला तो ते गेल्यावरही मी मोडू दिला नाही. दांड्यावरच्याने विचारायचं, “हात?” मागच्याने दोन्ही हात डोक्याच्या वर न्यायचे आणि मग म्हणायचं, “वर.” मग दांड्यावरच्याने एक श्वास घ्यायचा. मग पातं खाली. आधी हात, मग शब्द, मग श्वास. पोरं बोलायला लागली तेव्हा आई-बाबा म्हणायच्या आधी हे शिकली असतील.

आता माझे गुडघे गेलेत, त्यामुळे मी वरच बसते. खिडकीशी घड्या घालते आणि कान खाली लावून असते. “हात?” “वर.” श्वास. खर्रप. दिवसभर हे चालू असलं की माझा जीव थाऱ्यावर असतो. लोकांना घड्याळाची टिकटिक लागते, मला हे लागतं.

दांड्यावर माझा धाकटा असतो आणि मागे माझी सून, थोरल्याची बायको. थोरला स्वतः कामं आणतो, पोचवतो आणि उरलेल्या वेळात फोनवर लोकांना “उद्या नक्की” सांगतो. सुनेबद्दल सांगायचं तर कौतुक तोंडावर करायची माझी रीत नाही, म्हणून इथे सांगते. तिच्यासारखी शिलाई मी उभ्या जन्मात पाहिली नाही. सुई कागदातून जाते ते कागदालासुद्धा कळत नसेल. ती लग्न होऊन आली तेव्हा मी तिचे हात पाहिले आणि मनात म्हटलं, या हातांना म्हातारीची दृष्ट लागू द्यायची नाही. दोघी म्हाताऱ्यांपैकी कुणाचीच नाही.

तर मग तो खेळ आला.

धाकट्याने आणला. बांधलेले गठ्ठे ठेवायच्या खोलीत एक जुना टीव्ही होता, त्याला डबा जोडला, दोन हातांत धरायची बटणांची दोन खेळणी जोडली आणि सुरू. मी जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून पाहिलं. ठिपक्याठिपक्यांचा एक बुटका माणूस, हातात कुऱ्हाड, आणि लांबच लांब बोळ. मी म्हटलं, “हे असले खेळ तू शाळेत असताना होते. टीव्ही बिघडलाय का?”

“नवीन आहे, आई. मुद्दाम जुन्यासारखा केलाय.”

“मला नाही कुणी जुनी म्हणून एवढी किंमत देत,” मी म्हटलं. पण ऐकतो कोण. त्याची मान हलली नाही की पापणी.

खेळ असा. मागून भिंत सरकत येते, म्हणून थांबायचं नाही. थांबलं की मेलं. समोरून राक्षस की कोण ते झुंडीने येतात, त्यांना तोडत सुटायचं. तोडलं की लाल चौकोन उडतात, भिंतीवर बसतात, तिथेच राहतात. संगीत म्हणजे पत्र्यावर हातोडी. जितकं पटापट तोडाल तितकी हातोडी जोरात, आणि जरा रेंगाळलात की ती मंदावते. त्या मंदावण्याचीच भीती वाटायला लागते म्हणे. मला त्या वेळी वाटलं, शी, काय हे घाणेरडं. दोन दिवसांत कंटाळेल.

कंटाळला नाही. आणि एक दिवस जेवायला हाक मारली तर खालून त्याच्याऐवजी सुनेचा आवाज आला, “आले आई, एवढं एकच.”

मला वाटलं, एवढं एक पुस्तक शिवायचं राहिलं असेल. भाजी गार झाली तरी कुणी येईना, तेव्हा माझ्या नाकावर राग आला आणि मी गुडघ्यांची समजूत काढत खाली उतरले. दोघं शेजारी शेजारी पोत्यांवर बसलेले. सून म्हणजे शांत बाई. हसली तरी ओठ मिटून हसणारी. तिचं तोंड उघडं होतं, कपाळावर घाम होता आणि अंगठे असे नाचत होते की मला तिची शिलाई आठवली. तिच्या अंगठ्यांत तीच सफाई होती.

दोघांनी मिळून खेळायचा त्यात वेगळा प्रकार होता. एकाने झुंडीत शिरून सगळ्यांना आपल्याभोवती गोळा करायचं आणि उडी मारून वरच्या फळीवर जायचं. तेवढ्यात दुसऱ्याने कुऱ्हाड फिरवायची, की सगळे एका फटक्यात साफ. आतला खाली असतानाच कुऱ्हाड फिरली तर तोही कापला जातो. म्हणजे दोघांना एकमेकांना सांगावं लागतं. आणि सांगणार काय? जे आमच्या घरात सांगतात तेच.

“हात?” धाकटा म्हणाला.

“वर,” सून म्हणाली.

खच्च. पडदा लाल.

मला ते मुळीच आवडलं नाही. का ते तेव्हा सांगता आलं नसतं. देवघरातली समई कुणी उंदीर मारायला घेतली तर कसं वाटेल, तसं वाटलं. मी फक्त म्हटलं, “आमटीवर साय धरली, या आता.” ती दोघं आली, जेवली आणि तोंडं पुसत पुन्हा खाली पळाली.

त्यानंतर काही दिवसांनी मला खिडकीशी बसून चैन पडेना. घडी घालते, हात थांबतो. काहीतरी चुकतंय, पण काय ते सापडत नव्हतं. मग एका सकाळी लक्षात आलं. श्वास नव्हता. “हात?” “वर.” खर्रप. मधला श्वास कुणीतरी खाल्ला होता. मी घडी बाजूला ठेवली आणि नुसतं ऐकत बसले. पुढे पुढे तर तिचा “वर” त्याच्या “हात”ची वाटही बघेना, त्याच्या शेपटीवर पाय देऊन यायला लागला.

थोरल्याला सांगितलं. तो खुशीत होता.

“आई, काम किती उरकतंय बघ ना. मी गिऱ्हाइकाला उद्या सांगतो आणि माल आजच तयार असतो. असं कधी झालं होतं का आपल्याकडे?”

“श्वास घेत नाहीत ती दोघं.”

“म्हणजे?”

“वर म्हटल्यावर श्वास घ्यायचा असतो.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या डाव्या हाताकडे, आणि आवाज एकदम मऊ केला. तो मऊ आवाज मला कारल्यासारखा लागतो. “आई, तुला ते सगळं आठवतं म्हणून असं वाटतं. ती काय लहान आहेत? तू वरच्या वर काळजी करत बसतेस.”

“वरच्या वरच बसवलंय तुम्ही मला,” मी म्हटलं. तो हसला. मी हसले नाही.

मग मी ठरवलं की आधी त्या खेळात आहे काय ते बघायचं. धाकटा पुठ्ठे आणायला गेला होता तेव्हा दुपारी खाली उतरले आणि सुनेला म्हटलं, “मला शिकव.”

तिला इतका आनंद झाला की मला लाज वाटली. या पोरीने आजवर माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, आणि मीही कधी तिच्याजवळ बसून काही शिकले नव्हते. तिने खेळणं माझ्या हातात दिलं, माझी डावी तीन बोटं बटणांवर नीट बसवून दिली. “दोन बोटं नसली तरी चालतं आई, अंगठा महत्त्वाचा.”

पहिल्यांदा मी लगेच मेले. दुसऱ्यांदाही. मग कधीतरी मेले नाही. खोटं कशाला बोलू? माझे गुडघे दुखायचे थांबले. भिंत मागून येतेय, समोरून ते येतायत, आणि माझा अंगठा माझ्या आधी शहाणा झालेला. पत्र्यावरची हातोडी वाढत गेली तशी माझ्या छातीत काहीतरी मोकळं झालं. इतक्या वर्षांत मला कुणी इतकं भराभर पळू दिलं नव्हतं. लाल चौकोन उडाले की बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं.

मग आम्ही दोघींनी मिळून खेळायला घेतलं. ती कुऱ्हाडीवर, मी आत. तिने विचारलं, “हात?” मी उडी मारली आणि म्हटलं, “वर.” कुऱ्हाड फिरली, पण निम्मे निसटले आणि संगीत मंदावलं.

“उशीर झाला,” ती म्हणाली. “आई, उडी मारून मग नाही म्हणायचं. आधी म्हणायचं, मग उडायचं. तुमचा शब्द माझ्या कानात शिरून अंगठ्यापर्यंत येईतो तुम्ही वर पोचलेल्या असता. तरच सगळे सापडतात.”

“आणि नाही पोचले तर?”

“पोचता,” ती म्हणाली. “अंगाला कळतं ते.”

माझ्या हातातून खेळणं खाली पडलं. तिला वाटलं मी थकले. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, “बसा तुम्ही. मी एवढं एकच संपवते.”

त्या संध्याकाळी मी धाकट्यासमोर दोन्ही खेळणी उचलली आणि खळीच्या बादलीत बुडवली. पुठ्ठे चिकटवायची खळ असते आमची, घट्ट, पिठल्यासारखी. दोन्ही तळाशी गेली. धाकटा कपाळाला हात लावून बसला. “आई, तू म्हणजे ना.”

“मी म्हणजे काय ते पुढे बोल.”

थोरला घरी आला तेव्हा त्याने सगळं ऐकून घेतलं आणि बादली धुतली. मला वाटलं, सुटलो. त्या दिवशी मला नीट जेवण गेलं.

दुसऱ्याच दिवशी खालून पत्र्यावरची हातोडी ऐकू आली. नवी खेळणी आली होती. धाकट्याने आणली असतील म्हणून मी त्याला फाडून खायला निघाले, तर तो म्हणाला, “मी नाही. वहिनीने आणली.”

त्या बाईने स्वतःसाठी कधी एक रुमाल मागितला नव्हता. ती माझ्यासमोर उभी राहिली, खाली मान घालून, आणि म्हणाली, “आई, तेवढंच तर आहे मला.” खोटं नव्हतं. दिवसभर सुया, दोरे, गठ्ठे, वर सासू. पण दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघ्यांना पट्ट्या बांधल्या आणि जाऊन म्हातारीच्या मागे उभी राहिले. तिला म्हटलं, “तू शिवायला बस. इथे मी.”

धाकटा दांड्यावर. मी गठ्ठा सरकवला, चेपला.

“हात?”

मी हात काढले, डोक्यावर नेले. “व—” म्हणेपर्यंत पातं खाली. वारा लागला मला त्याचा, तोंडावर. तसाच वारा जसा तेव्हा लागला होता.

“मी म्हटलं नव्हतं अजून,” मी म्हटलं.

“म्हणणारच होतीस ना,” तो म्हणाला. उद्धटपणा नव्हता त्यात. त्याला खरंच कळलं नव्हतं मी कशाबद्दल बोलतेय. त्याचा अंगठा दांड्याच्या मुठीवर टकटक करत होता.

मी त्या दिवशी त्याला दर वेळी श्वास घ्यायला लावला. मोठ्याने, मला ऐकू येईल असा. काम गोगलगायीने चाललं. सून कोपऱ्यात शिवत होती आणि तिचा पाय सारखा हलत होता. दुपारी थोरल्याला गिऱ्हाइकाचा फोन आला, बोलता बोलता तो माझ्याकडे बघत होता. फोन ठेवून म्हणाला, “आई, तू वर जा. हात जोडतो.”

मी गेले. गुडघेही नाही म्हणायला लागले होते. जाताना सुनेच्या कानाशी म्हटलं, “आधी हात, मग शब्द. माझी शपथ आहे तुला.” ती म्हणाली, “हो आई.” आणि ती खोटं बोलत नव्हती. तिच्या मनाला माहीत होतं. पण ते मनाकडे राहिलंच नव्हतं आता.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मी खिडकीशी बसले होते. खालून आवाज येत होते. “हात?” “वर.” “हात?” “वर.” इतके भराभर की मला कळेना, हा खेळ चाललाय की काम. पत्र्यावरची हातोडी ऐकू येते का म्हणून मी कान दिला. मध्येच हसणं आलं. सून मोकळेपणी हसत होती, ओठ न मिटता. मला वाटलं, म्हणजे खेळच असेल. आणि मला बरं वाटलं. हे मी विसरणार नाही, की मला बरं वाटलं.

“हात?”

“वर.”

खर्रप.

मग पुढचं “हात?” आलं नाही. मी वाट पाहिली. मग धाकट्याचा आवाज आला, लहानपणी अंधारात हाक मारायचा तसा. “वहिनी?”

मी जिना कसा उतरले ते गुडघ्यांना विचारा. म्हातारीच्या मागे सून उभी होती. डावा हात डोक्यावर, नियमाप्रमाणे, ताठ. उजवा गठ्ठ्यावर. वरचा कागद कोरा होता, तो आता कोरा नव्हता. ती रडत नव्हती. ती माझ्याकडे बघून समजावल्यासारखं म्हणाली, “आई, मी वर म्हटलं होतं.”

“हो बाई,” मी म्हटलं. “मी ऐकलं.”

मी माझा पदर तिच्या हाताला गुंडाळला आणि घट्ट धरून ठेवला. कुठे धरायचं ते मला माहीत होतं. धाकटा मागे भिंतीशी बसून ओकत होता. थोरल्याने गाडी काढली.

उजव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटं गेली. सुई धरायची.

आता म्हातारीवर ताडपत्री टाकली आहे. थोरला कापायचं काम बाहेर पाठवतो आणि घरात कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवत नाही. धाकट्याने तो डबा, ती खेळणी, सगळं पोत्यात भरून माळ्यावर टाकलं. त्याला आता हातोडीचा आवाज आला तरी घाम फुटतो, शेजारी खिळा ठोकला तरी. त्याला मी काही बोलत नाही. त्याच्या वडिलांनाही कधी बोलले नाही.

सून माझ्याजवळ वरच असते. दोघी खिडकीशी बसून घड्या घालतो. तिला डाव्या हाताने जमत नाही, मी शिकवते. काल तिचा बांधलेला हात मांडीवर होता आणि पट्टीच्या आत काहीतरी हलत होतं. मला ते ओळखीचं. माझी गेलेली बोटं वर्षभर मला झोपू देत नव्हती.

“खाज सुटते ना?” मी विचारलं. “नसलेल्या बोटांना? माझ्याही सुटायची. बोटं असती तिथली उशी चोळायची, थोडा आराम पडतो.”

“खाजत नाही, आई.”

“मग?”

“दाबतात.”

मी घडी घालायची थांबले. पट्टीतलं ते हलणं आता मला नीट दिसलं. त्याला ठेका होता. पत्र्यावर हातोडी.

“दिवसभर दाबतात,” ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. “मी थांब म्हणते, ती थांबत नाहीत. आई, तुमचा डावा अधू, माझा उजवा. एक खेळणं दोघींनी मिळून धरलं तर? डावीकडचं मी दाबेन, उजवीकडचं तुम्ही.” मग तिने माझ्याकडे पाहिलं, आणि आवाज अगदी लहान केला. “एवढं एकच.”

नाही म्हणायला मी तोंड उघडलं. शिव्यासुद्धा तयार होत्या. तिने पोत्याकडे, वर माळ्याकडे पाहिलं आणि मीही पाहिलं. मग मी खाली बघितलं, तर मांडीवर माझा उजवा अंगठा कधीचाच हलत होता.